न आलेल्याचा वाटा

दुसऱ्याच्या दुखण्यानं इतका हरखून जाणारा माणूस माझ्या साळ्याशिवाय अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असला तर त्याला माझ्यासमोर आणू नका. मला एकच पुरला.

आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे शिंगाडे सोलणं. दसरा होऊन गेला होता. तलावातून पहिले शिंगाडे निघाले होते. मी ते उकडले, परडीत ओतले आणि आम्ही ओसरीवर बसलो. मी, माझी बायको आणि तिचा हा धाकटा भाऊ. जेवायच्या आधी बायकोला साखरेची सुई घ्यायची असे. ती उठली, पाण्याच्या घडवंचीखाली, औषध थंड राहावं म्हणून ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यातून शिशी काढली, भिंतीकडं तोंड करून पदराआड सुई घेतली आणि परत येऊन विळीवर बसली. साळ्याच्या तोंडात शिंगाडा होता. तो त्यानं गालात सारला.

"बाई, आता तू टोचून आली ना, तेवढ्यात तिथं एक खंडी धान गेलं."

"किती?" बायकोनं विचारलं. तिला ते पाठ होतं. तरी विचारायची, कारण भाव सांगताना भावाचा चेहरा फुलतो हे तिला माहीत होतं.

"एक खंडी! अन शिशी पुरी संपली का बैलजोडी गेली."

"माय वं! अन ज्याच्यापाशी बैलजोडी नसन, त्यानं का कराव रे?"

"त्यानं बिमारच पडू नये!" असं म्हणून तो एवढा हसला की गालातला शिंगाडा घशात गेला. बायकोनं त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले तेव्हा कुठं त्याचे डोळे जागेवर आले. मीही हसलो. ती हसली नाही. पण शिंगाडे सोलताना ती कधीच हसत नसे. लक्ष हललं की काटा बोटात जातो.

त्याच आठवड्यात ती गेली. ते पुढं सांगतो. आधी या माणसाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा उगाच साळ्याच्या नावानं बोटं मोडून राहिला.

मी ढिवर, जातीचा मासेमार. चौथीपर्यंत शाळेत बसलो आणि मग जन्मभर डोंग्यात. पवनीच्या अलीकडं आमचं गाव आणि गावाला मोठा जुना तलाव. साळा मात्र पाण्यात टिकला नाही. त्याला लहानपणापासून पाण्यापेक्षा काट्याची आवड. काटा म्हणजे वजनाचा. तुमसरला राईस मिलमध्ये काट्यावर लागला आणि केस पांढरे होऊन आमच्या गावात राहायला येईपर्यंत धानाची पोती तोलत राहिला. अशा माणसाचं डोकं तसंच बनतं. समोर काही आलं की त्याला ते सुंदर दिसत नाही, कुरूप दिसत नाही, वजन आणि भाव दिसतो. माझ्या लग्नात तो पोरगेला होता. नवरा कसा आहे असं कोणी विचारलं तर म्हणाला होता, "पाऊन क्विंटल भरन." तेव्हा मी तेवढा भरत नव्हतो, पण काटेवाल्यानं जास्तच सांगितलं म्हणून मला राग आला नाही.

त्याची बायको पोर अंगावर पितं असताना वारली. आम्हाला मूल नव्हतं. ते पोरगं माझ्या बायकोच्या मांडीवर वाढलं. दिवसा तिच्या टोपलीत माशांशेजारी बसून बाजाराला जायचं आणि संध्याकाळी अंगाला मासोळीचा वास घेऊन झोपायचं. पुढं ते शिकलं, नागपूरला गेलं, तिथून पुण्याला आणि मग अमेरिकेला. कॉलेजात असतानाच त्याला साखर निघाली आणि सुई लागली. बायकोला ती नंतर म्हातारपणी लागली. तेव्हा ती मला म्हणाली होती, "पाहा, लोक म्हणतात भाच्याचा चेहरा आत्यावर जाते. माह्या भाच्याची बिमारी माह्यावर आली." तिला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट काहीतरी एक आहे, एवढ्या लांब असून, असं काहीतरी तिला वाटत असावं.

सहा महिने साळा पोराकडं अमेरिकेत राहून आला, आणि जो गेला होता तो परत आलाच नाही. गेला होता तो सरळ माणूस होता. आला तो औषधांचा भाव सांगणारा. लोक तिकडून येऊन बर्फाचं सांगतात, उंच इमारतींचं सांगतात. यानं गावाला सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे आपण पळालो कसे. झालं असं की तिथल्या एका मोठ्या दुकानात याला घेरी आली आणि हा खाली बसला. कोणी भल्या माणसानं फोन केला आणि दवाखान्याची गाडी आली. लाल-निळे दिवे लावून. पोरानं याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की बाबा, त्या गाडीत बसलं की बसण्याचेच पैसे लागतात, आणि ते ऐकले की बसलेला माणूस आडवा होतो. गाडीतून दोन धिप्पाड माणसं उतरली तसा माझा साळा उठला आणि धोतर सावरून पळाला. त्या देशात तो धोतर नेसून दुकानात गेला होता, हेही लक्षात घ्या. पुढं हा, मागं ती दोन माणसं 'सर, सर' करत, आणि त्यांच्या मागं पोरगा.

"पोलिसाले मी भेलो नसतो भाऊजी," तो मला म्हणाला, "पन त्या गाडीले भेलो. मी पयालो का घेरी आपोआप गेली. फुकटात बरा झालो!"

दाताचंही तसंच. तिथं दाढ दुखायला लागली. उपटायचे पैसे ऐकले आणि यानं मनात हिशेब केला की एवढ्यात विमान येतं. मग गालात लवंग धरून बसला, परतीची तारीख येईपर्यंत. विमानातही लवंग. नागपूरला उतरला तो घरी न येता आधी भंडाऱ्याला दाताच्या डॉक्टरकडं, आणि दाढ हातात घेऊनच गावात आला. ती दाढ त्यानं तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवली आहे. पाहुणे आले की डबी उघडतो. "अमेरिकेत जाऊन लोक कमावतात. मी ही वाचवून आणली." पाहुण्यांना चहा नकोसा होतो.

तेव्हापासून गावात कोणी आजारी पडलं की हा अभिनंदन करायला जातो. हो, अभिनंदनच. आमच्या जाळ्यावरच्या एकाला तलावात फुटकी बाटली लागून तळवा चिरला. पवनीच्या सरकारी दवाखान्यात टाके पडले. साळा त्याच्या उशाशी बसला, टाके मोजले आणि म्हणाला, "गड्या, तुह्या तळव्यात या घडीले ट्रॅक्टर हाय." तो गडी आधी कण्हत होता. हे ऐकल्यावर कण्हायचा थांबला. दुसऱ्या दिवसापासून पाय खाटेवरून बाहेर काढून बसायला लागला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा असा. पट्टी सुटली तेव्हा त्याला वाईट वाटलं. एका म्हातारीचे दोन्ही गुडघे नागपूरला बदलले, सरकारी कार्डावर. साळा तिला रस्त्यात भेटला की बाजूला होऊन वाट देतो. "जपून चाल माय. दोन बंगले हायेत तुह्या लुगड्याखाली." तिची सून एकदा त्याला खराट्यानं मारायला निघाली होती. पण म्हातारी सुनेलाच बोलली. जन्मात पहिल्यांदा तिला कोणी किमती म्हटलं होतं.

पवनीच्या औषधाच्या दुकानात तर हा जातो तसा माणूस देवळातही जात नाही. दुकानदारानं गोळ्यांचं पाकीट फेकल्यासारखं टाकलं की हा कळवळतो. "हळू गा, हळू! का फेकून राहिला!" आणि मग मागं उभ्या असलेल्यांना वळून सांगतो की हेच पाकीट तिथं केवढ्याला. मागं कोणी मजूर बाई असते, तिच्या मुठीत कोंबलेली नोट असते, आणि तेवढी नोटही तिला जास्त होते. ती याच्याकडं अशी पाहते की मला दुकानाच्या पायरीवरून उतरून जावंसं वाटतं. याला ते दिसत नाही. याला वाटतं आपण तिला श्रीमंत करून राहिलो.

एका अमेरिकेवर त्याचं भागलं नाही. कोणी परदेशातून आलं असं कळलं की हा सायकल काढायचा. आंबागडचा एक गवंडी मस्कतला राहून आला होता. त्याला यानं विचारलं नाही की बापा, उन्हात कसं काढलंस. विचारलं, तापाची गोळी केवढ्याला. गवंडी म्हणाला, शेठनं पासपोर्ट ठेवून घेतला होता, गोळी मात्र फुकट दिली. साळ्यानं विचार करून निकाल दिला, "महाग पडली." तुमसरच्या मिलमालकाची मुलगी इंग्लंडातून माहेरी आली तेव्हा तिच्याकडून कळलं की तिथं दवाखाना फुकट, पण गुडघ्यासाठी नंबर लावला की नंबर येईपर्यंत माणूस रांगायला शिकतो. "म्हणजे रेशनचं दुकान," साळा म्हणाला, आणि इंग्लंड संपलं.

आणि ते भिक्खू. पवनीला जुने बौद्ध अवशेष आहेत, ते पाहायला लांबलांबच्या देशांतले भिक्खू येतात. एकदा अशी एक गाडी उभी राहिली. साळ्यानं खिशातून माझ्या बायकोच्या बीपीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं, एका म्हाताऱ्या भिक्खूसमोर धरलं आणि विचारलं, "हाऊ मच?" भिक्खूनं पाकिटाकडं पाहिलं, मग याच्याकडं पाहिलं. त्याला वाटलं, या माणसाकडं औषधाला पैसे नाहीत. त्यानं आपली झोळी चाचपली, त्यात गोळ्या नव्हत्या, मग मलमाची एक छोटी डबी काढली, याच्या हातावर ठेवली आणि हात जोडून गेला. साळा मलम घेऊन रस्त्यात उभा. घरी येऊन माझ्या बायकोला म्हणाला, "बाई, त्या देशाचा भाव काही समजला नाई." ती म्हणाली, "समजला ना तुले. सांगतलाच त्यानं." यावर त्यानं डबी खिशात घातली आणि जेवायला बसला, आणि भाव सांगितल्याशिवाय जेवतोय म्हणून आम्ही त्याच्या अंगाला हात लावून पाहिला होता.

मी मात्र त्याच्याशी भांडायचो. बायकोची शिशी सरकारी दवाखान्यातून फुकट मिळायची, हे खरं. पण मिळायची म्हणजे आली तर मिळायची. सकाळपासून ओळीत उभं राहा, खिडकीपाशी पोचा, आणि आतून आवाज, "सप्लाय नाही, पुढच्या मंगळवारी या." मग बाहेरून विकत. मी चिडून यायचो आणि हा ओसरीवर.

"का झालं भाऊजी?"

"नाई भेटली. फुकट हाय म्हनतोस ना? फुकट हाय, पन नाई हाय."

"भाऊजी, तुमी समजून नाई राहिले. इथं नाई म्हनलं तर शून्य रुपये. तिथं नाई म्हनाचंही बिल येते."

आता अशा माणसाला काय मारायचं? बायको आतून हसायची. "जाऊ द्या," म्हणायची, "तो आपल्याले गरीब नाई म्हनत, एवढंच धरा."

आता आमच्या तलावाची एक रीत सांगतो, कारण सगळं तिथंच येऊन अडतं. महाजाळ ओढलं की मासे काठावर पडतात आणि वाटे लागतात. जेवढे ओढणारे तेवढे वाटे, आणि वर एक. तो न आलेल्याचा. कोणी तापानं पडलेला असतो, कोणाचा पाय चिरलेला असतो, कोणाच्या घरी सुतक असतं. त्याचा वाटा पळसाच्या पानात गुंडाळायचा, घायपाताच्या दोरीनं बांधायचा, सुटायला सोपी अशी एक गाठ द्यायची आणि जाता जाता त्याच्या दारावर टांगायचा. हाक मारायची नाही. त्यानं आभार मानायचे नाहीत, परत द्यायचा नाही. उद्या दुसरा कोणी नसेल, तेव्हा हा ओढेल. पान बांधायचं काम बायांचं. माझ्या बायकोची गाठ सगळ्या गावात ओळखू यायची, ती दोरीचं टोक आत मुडपायची.

ही रीत साळ्यानं अमेरिकेत पोराच्या साहेबाला सांगितली होती. साहेबाला आवडली. तो म्हणाला, म्हणजे तुमच्याकडं विमा आहे. मग महिन्याला किती कापतात? साळा म्हणाला, काही नाही. साहेब म्हणाला, मग एखादा नेहमीच आजारी पडला तर? साळा तो प्रश्न घेऊन गावात आला आणि त्यानं तो आम्हाला विचारला. आमच्यात कोणी तसा पडलाच नव्हता. शेवटी माझी बायको म्हणाली, "नेहमी पडला तर नेहमी टांगाचा. त्यात का?"

त्या आठवड्यात तिला आधी तहान लागायला लागली. घागर रिकामी करायची आणि परत पाणी मागायची. मग ओकाऱ्या. तिच्या श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास यायला लागला. पवनीच्या दवाखान्यात नेलं तर साखर मशीनमध्ये मावेना. डॉक्टर पोरगी होती, घाबरली. तिनं विचारलं, "सुई रोज घेत होत्या का? चुकवली तर नाही?" मी म्हणालो, "रोज. माह्या डोळ्यासमोर." तिनं भंडाऱ्याला पाठवलं. भंडाऱ्यात खाट होती, पण जे मशीन लागतं ते बंद होतं. त्यांनी नागपूरला पाठवलं. प्रत्येक ठिकाणी फुकट. प्रत्येक ठिकाणी कागदावर शिक्का, आणि पुढं.

नागपूरच्या रस्त्यावर भर दुपारी सरकारी गाडीत मी तिच्या डोक्याशी होतो आणि साळा पायाशी. अमेरिकेत याच गाडीला भिऊन पळालेला माणूस इथं तिचे तळवे चोळत बसला होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं म्हणून तो बोलत होता, "बाई, ही गाडी फुकट हाय. काही टेंशन नाई. आक्सिजन फुकट हाय. तिथं असतो ना..." मी म्हणालो, "चूप बस." तेव्हा तिनं डोळे उघडले आणि त्याच्याकडं पाहून विचारलं, "किती लागते रे तिथं, या गाडीले?"

तिला ते माहीत होतं. तिनं ते हजारदा ऐकलं होतं.

"लय," तो म्हणाला. "लय लागते बाई." खंडी नाही, बैलजोडी नाही, काही नाही. मौद्याच्या पुढं ती गेली. ड्रायव्हरनं दिवा बंद केला आणि गाडी वळवली. परत आणायचेही पैसे पडले नाहीत, हे मी सांगून ठेवतो, नाहीतर साळा म्हणेल की राहिलं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. संध्याकाळी मी घडवंचीखालची जागा सारवायला घेतली. वाळू कोरडी पडली होती. बायकोच नाही तर वाळूवर पाणी कोण मारणार. मडकं उचललं. तिची अर्धी वापरलेली शिशी वर होती. खाली हात घातला तर पानं लागली. पळसाची पानं. काही काळपट झालेली, काही नवी. मी पुडा बाहेर काढला. घायपाताची दोरी, टोक आत मुडपलेलं.

मी तो बराच वेळ सोडला नाही. सोडायला सोपीच गाठ असते ती. पण कोणाच्या वाट्याचा पुडा दुसऱ्यानं सोडायचा नसतो.

शेवटी सोडला. आत शिशा होत्या, सील न तोडलेल्या. दवाखान्यातून आणलेल्या. भिंतीकडं तोंड करून ती काय टोचत होती आणि किती, ते मला तेव्हा कळलं.

पुडा घेऊन मी साळ्याच्या घरी गेलो. दोन घरं सोडून तर घर. तो खाटेवर बसला होता. मी पुडा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, "सांग भाव."

त्यानं शिशा पाहिल्या. मग पानं पाहिली. मग दोरी हातात घेतली आणि टोक बोटानं चाचपलं.

"कोनाचा वाटा?" त्यानं विचारलं.

"तूच सांग. कोन न आलेला हाय आपल्यात?"

त्याचा हात आधी फोनकडं गेला नाही. आधी तो उगाच डबीकडं गेला, दाढेच्या, आणि तिथून परत आला. मग त्यानं पोराला फोन लावला. तिकडं सकाळ होती. फोनवर तोंड दिसतं, म्हणून मी मागं सरकलो.

"पोरा, तुहं काम हाय का?"

पोरगं म्हणालं, उन्हाळ्यातच गेलं. कामासोबत विम्याचं कार्डही गेलं. शिशी पुरवून पुरवून घेतोय. दुसरं काम पाहतोय, मिळेल.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी गावभर भाव सांगत फिरता बाबा. मले वाटलं, माहाही सांगान."

पोरगं पुढं बोललं. आत्याला सांगितलं होतं. ती रविवारी तलावाच्या बांधावर जाऊन फोन करायची तेव्हा. आणि तिच्याकडून शपथ घेतली होती की घरी बोलायचं नाही. ती म्हणाली होती, 'तुहा वाटा ठेवून राहिली मी, दिवाळीतल्या मंडईच्या जत्रेले ये अन घेऊन जा.' "मले वाटलं सुक्या झिंग्याचं म्हनते. दर वर्षी ठेवते ना ती." एवढं म्हणून ते पोरगं रडायला लागलं, आणि फोनमध्ये त्याचं तोंड पाण्यातल्यासारखं हललं.

मला तेव्हा बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं. तू माझ्या ओसरीवर बसून रोज बैलजोड्या विकल्या. ती तुझं एक एक अक्षर खरं धरत होती. तुला गंमत होती, तिला पोरगं दिसत होतं. बाहेर दुकानात मिळते ती शिशी, विकत घेता आली असती, मी घेतली असती. पण आणली असती तर मी विचारलं असतं कोणासाठी, आणि तिनं शपथ घेतली होती. आणि दुकानातली विकत घेतलेली वस्तू वाटा होत नाही. वाटा आपल्यातूनच काढावा लागतो. हे सगळं माझ्या तोंडात आलं होतं. पण साळा फोनला म्हणत होता, "ये पोरा. घरी ये. इथं शिशी..." आणि सवयीनं तो भाव सांगणार होता. ओठ तसे झाले होते. मग तो थांबला. "ये," एवढंच म्हणाला. "तू ये."

"येतो," पोरगं म्हणालं.

मी पुडा तिथंच ठेवून उठलो. साळ्यानं मला जाताना हाक मारली नाही. दोन देशांचे भाव त्याला तोंडपाठ आहेत, तीन देशांचे म्हटलं तरी चालेल, मस्कत धरलं तर. माझी बायको त्या दोन भावांच्या मध्ये कुठंतरी गेली. ते कशात मोजतात, ते त्यालाही माहीत नाही आणि मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावावर गेलो. सुतकानंतर पहिल्यांदा. गड्यांनी मला जाळ्याचं टोक दिलं आणि मी ओढलं. रोहू चांगले निघाले, एक दोन मरळ. वाटे लागले. जेवढे आम्ही होतो तेवढे, आणि वर एक. आजवर माझ्याच दारावर टांगत होते तो, आज मी आलो होतो. तर कोणीतरी विचारलं, "आज कोनाचा?"

साळा ढिवर असून पोरपणापासून जाळ्याला कधी शिवला नाही, त्याचा वाटा कधी लागलाच नव्हता. मी म्हणालो, "माह्या साळ्याचा. तो बिमार हाय."

पळसाची पानं घेतली. पुडा मलाच बांधावा लागला. बांधून पाहिला, सोडला, परत बांधला. दोरीचं टोक आत मुडपायला गेलो तर ते काही राहीना. मग तसंच ठेवलं.

त्याचं दार लोटलेलं होतं. आत तो जागा होता. खाटेचा आवाज आला.

"कोन हाय?"

रीत अशी की बोलायचं नाही. मी पुडा कडीला टांगला आणि घरी आलो. घडवंचीखालच्या वाळूवर पाणी मारलं.